काकूंचं शेवटचं पिल्लू

३ नोव्हेंबर
आजपासून नियमित लिहायचं. या हंगामात माझ्या हातून काहीतरी मोठं होणार आहे, आणि मागाहून लोक विचारतात तेव्हा नेमकं काही आठवत नाही.

काकू आल्या. काकू म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची सगळ्यात म्हातारी सील. नाव मीच ठेवलं. आमच्या सील-संशोधन स्टेशनच्या प्रमुख मॅडमना प्राण्यांना नावं दिलेली खपत नाहीत, पण आता त्याही काकूच म्हणतात. म्हाताऱ्या माद्या मधलं एखादं वर्ष गाळतात. गेल्या वर्षी काकू फिरकल्या नाहीत तेव्हा सगळ्यांनी त्यांना मनातल्या मनात पोचवलं होतं. आज सकाळी दगडांमागे पिल्लासकट हजर!

माझी थिअरी: आई जितकी म्हातारी, तितकी ती पिल्लाला चिकटून राहणार. हे शेवटचं, हे तिला कळतं. मॅडम म्हणाल्या, एका सीलवरून थिअरी होत नाही. मोठ्या शोधांना आधी असंच बोलतात.

घरी सांगितलं. आई बटाटे सोलत होती. म्हणाली, हे शेवटचं आहे असं त्या काकूंना कोणी सांगितलं? आईला सायन्समध्ये गती नाही.

५ नोव्हेंबर
वजनं केली. पिल्लू झोळीत घालायचं, झोळी तीन पायांच्या तिकाटण्याला लावलेल्या काट्याला टांगायची, आणि पिल्लू चावायच्या आत आकडा वाचायचा. आईला तोलायला मोठी झोळी आणि चार माणसं. दूध पाजते तोवर सील आई स्वतः काही खात नाही. तिच्या अंगावरचं उतरतं आणि पिल्लाच्या अंगावर चढतं. तिचं किती गेलं, त्याचं किती वाढलं, यावरून आईपण कसं चाललंय ते आम्ही सांगतो.

काकूंचं पिल्लू हलकं भरलं. वारा होता. वाऱ्यात झोळी हलते.

७ नोव्हेंबर
संध्याकाळी खिडकीतून पाहिलं. आई दोन पिशव्या घेऊन येत होती, कोपऱ्यावर थांबली. मग जिन्यात पावलं वाजली आणि पहिल्या मजल्यावर वाजायची बंद झाली. वाकून पाहिलं तर पायरीवर बसलेली, पिशव्या मांडीवर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली धावणार होतो, पण आपण म्हातारे झालो असं तिच्या मनात येऊ नये म्हणून नुसतं दार उघडून ठेवलं आणि आत येऊन बसलो.

वर आल्यावर म्हणाली, दार का उघडं टाकलंस, गारठा येतो.

उद्यापासून सामान मी आणणार. ठरलं म्हणजे ठरलं.

८ नोव्हेंबर
सामान आईने आणलं. मला मीटिंग होती. (रद्द झाली. पण ते तिथे गेल्यावर कळलं.)

१० नोव्हेंबर
बाथरूममधला वजनकाटा तपासायचाय असं सांगून आईला त्यावर उभं केलं. गेल्या वर्षी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अठ्ठावन्न होतं. आज त्रेपन्न. खात्री करायला मी उभा राहिलो. ऐंशीचा पंच्याऐंशी.

म्हणजे काटा बायकांना कमी दाखवतो आणि पुरुषांना जास्त. असे काटे असतात.

सवयीने गुणोत्तर काढायला घेतलं आणि मध्येच सोडलं. माणसांना हा हिशेब लागू नाही.

१२ नोव्हेंबर
आईला डॉक्टरांकडे नेलं. बाकावर बसल्या बसल्या जितके आजार माहीत आहेत तितके आठवले. आई शेजारी बसून मला म्हणत होती, घाबरू नकोस, काही निघणार नाही.

खरंच काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, चौऱ्याहत्तर वय, साधा थकवा आहे, विश्रांती हवी. घरातलं कोण करतं? आई म्हणाली, दोघं मिळून करतो. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पोट आत घेतलं.

घरी येऊन सुटकेच्या आनंदात दुपारभर झोपलो. आईने सूप गरम करून उठवलं.

१५ नोव्हेंबर
ताईचा फोन. आईला माझ्याकडे पाठव म्हणाली, कायमची. मी विचारलं, मग इथे तिची काळजी कोण घेणार? ताई म्हणाली, सत्तेचाळीस वर्षांचा झालास, आयत्या बिळावरचा नागोबा नुसता. मी शांतपणे समजावलं की वय झालेल्या आया सोडून जात नाहीत, आमचं त्यावर काम चालू आहे. ताईने फोन ठेवून दिला. पटलं असावं.

आई ओट्यापाशी भांडी विसळत सगळं ऐकत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला ते आवडलं नाही. अजिबात आवडलं नाही.

१६ नोव्हेंबर
स्वयंपाक शिकायचा. आजचा धडा: अंडी उकडणे. ठेवून जरा डेटा पाहायला बसलो. पाणी आटलं, अंडी फुटली, पातेलं गेलं कामातून. आईने खिडकी उघडली आणि पातेलं घासायला घेतलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर जिवाला बरं वाटलं असतं.

१९ नोव्हेंबर
आजूबाजूच्या तरुण आयांची पिल्लं उशीसारखी गुबगुबीत झाली आहेत. काकूंचं अजून लांबट. आणि काकूंची कमरेची हाडं दिसू लागली आहेत.

मॅडम म्हणाल्या, वयामुळे अंगात शिल्लकच कमी असते. काकू बहुतेक पिल्लाला सोडून लवकर समुद्रात जातील. थांबल्या तर त्याच जगायच्या नाहीत. मी विचारलं, आणि पिल्लू? मॅडम म्हणाल्या, काही दिवस पडून राहील, भूक अनावर झाली की आपलं आपण पाण्यात जाईल. नाही गेलं तर? मॅडमनी खांदे उडवले.

इतकी वर्षं या कामात आहे, पण हे ऐकून मला कधी घाम फुटला नव्हता. जॅकेट फार जाड आहे.

२० नोव्हेंबर
आईची बॅग कपाटावरून खाली आलेली. मी ती माझ्या पलंगाखाली सरकवली, अगदी भिंतीपर्यंत. कामावरून आलो तर बॅग परत तिच्या खोलीत, आत स्वेटर घड्या घालून रचलेले. दोघांनी बसून टीव्हीवर हवामान पाहिलं. छातीत धडधडत होतं. ॲसिडिटी.

२२ नोव्हेंबर
काकू निघाल्या.

सकाळी मी एकटाच खाली होतो. पिल्लू पोटभर पिऊन झोपलेलं. काकूंनी त्याला हुंगलं आणि पाण्याकडे सरकू लागल्या. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम: आई आणि पाणी यांच्या मध्ये कधीही उभं राहायचं नाही. मी उभा राहिलो. हात पसरून. त्यांना म्हटलं की अजून थोडे दिवस, त्याचं वजन बघा जरा, इतकी काय घाई आहे. बरंच बोललो. आवाज चढला असावा, कारण आजूबाजूच्या आया माना वर करून बघत होत्या.

काकूंनी माझा बूट दातांत धरला आणि मला बाजूला केलं. मी पाण्यात बसलो. त्या गेल्या.

मॅडमनी वरून दुर्बिणीतून सगळं पाहिलं. म्हणाल्या, तुम्ही तिला अडवून त्या दोघांपैकी एकाचंही भलं केलं नसतंत. उद्यापासून मी ऑफिसात. दिवे लावले म्हणायचे.

घरी आईला सगळं सांगितलं. खरं तर सांगताना रडलो, वारा लागून डोळ्यांना पाणी येतं तसं नव्हे. आई पँटचा चिखल काढत होती. म्हणाली, भूक लागली असेल रे बाईला.

२३ नोव्हेंबर
आता खरी योजना. सोमवारपासून सामान मी, भांडी मी, दिवसाआड स्वयंपाक मी. आईने नुसतं बसायचं. जेवताना तिला सगळं ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, छान आहे, असंच कर. सोमवारच्या बसचं तिकीट काढलंय म्हणाली.

मी म्हटलं, तिकडची हवा तुला मानवायची नाही. ती म्हणाली, मी मरायला नाही रे चाललेय. दमलेय म्हणून चाललेय.

२५ नोव्हेंबर
आई गेली. बॅग मीच उतरवली. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली, आई खालच्या पायरीवर माझ्यासाठी थांबली. स्टँडवर तिला खूप सांगायचं होतं. मी विचारलं, पाण्याची बाटली घेतलीस ना? ती हो म्हणाली. बस वेळेवर सुटली.

योजना उद्यापासून. आज मूड नाही.

२८ नोव्हेंबर
दोन दिवस ताई सांगत होती की आई झोपली आहे, उठवायचं नाही असं तिनेच बजावलंय. आज आई स्वतः फोनवर आली. आवाज इतका मोकळा की क्षणभर मी ओळखला नाही. सकाळी उशिरा उठते म्हणाली. ताई सगळं हातात आणून देते, जेवताना दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी बागेत जाऊन नुसती बसते.

मी हं हं करत राहिलो. आता विचारेल, मग विचारेल. मी कामावर जायला लागलो तेव्हापासून एकही फोन असा झाला नाही की आईने जेवलास का विचारलं नाही. बागेतल्या बाकांचं झालं, ताईच्या नव्या पडद्यांचं झालं. मग म्हणाली, बरं, ठेवते.

मीच घाईघाईने सांगितलं, मी जेवलो हं.

बरं झालं म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

जेवलेलो नाही. ब्रेड काल संपला. गॅस पेटवून बराच वेळ उभा होतो, वर काय ठेवायचं ते सुचेना, तेव्हा बंद केला. भीती वाटते आहे. आता ते लिहायला हरकत नाही, घरात लपवायचं कोणापासून? दुकान आठला बंद होतं. पिशव्या ती कुठे ठेवते तेच कळत नाहीये.