दुबई, दोन दिवस लांब

प्रिय अविनाश दादा,

पयले कबूल करून टाकतो. बाबाच्या मैतीत मी साऱ्या गावाशी खोटं बोललो. फोन आई स्पीकरवर लावते, मनून हे कागदावर लिहून फोटो धाडून राह्यलो. माह्यं अक्षर तिले वाचता येत नाही. मास्तरलेबी येत नव्हतं.

त्या सकाळी बाबा गेले अन् तुले फोन केला, तवा तू म्हतलं, सुट्टीचं जमत नाही, तूच उरकून घे. उरकून घे! जशी काही तुरीची सोंगणी होती. फोन ठेवला तं अंगणातले सारे माह्याच तोंडाकडं पाहून राह्यले होते. निवृत्ती काका म्हणे, मोठा पोरगा असून लायन्यानं अग्नी काऊन द्यावा? खामगावहून बर्फाची पेटी आणू, उद्यापर्यंत थांबू. आई भिंतीले टेकून बसली होती. तिनं एवढंच इचारलं, कवा पोचते रे तो?

तू येतच नाही, हे तिले कसं सांगू? मनून फेकली. म्हतलं, काका, इमान एस्टीसारखंच थांबत थांबत येते. मंधात डिझेल भरते, डायवर बदलते, चहापाण्याले थांबते. दुबईहून दोन दिवस लागते, तवर बर्फ टिकत नाही. ज्या पोरानं काकाच्या बैलाले चष्मा लावला होता, त्याच्यावर गावानं जिंदगीत पयलींदा इस्वास ठेवला. आगीचं मडकं माह्या हाती देलं.

तवापासून आई तुह्यावर एका शब्दानं रागावली नाही. येईल त्याले सांगते, लेकराचा काय इलाज, लय दूर हाय ते.

दादा, खरं किती लागते ते मलेबी मालूम नव्हतं. परवा तूच सांगतलं. दोस्ताच्या लग्नाले येतो, गुरुवारी सकाळी निघतो, तीन घंट्यात मुंबई, रातची गाडी धरून शुक्रवारी सकाळी नांदुरा. वरून हासला, दुबई काय दूर हाय का बे! मी काही हासलो नाही. त्या दिवशी निघाला असता तं बर्फ वितळाच्या आंधी आला असता. बाबासाठी सुट्टी नव्हती, दोस्तासाठी भेटली.

आईले मी सांगतलं, दादा गुरुवारी निघते. तिनं बोटावर दोन दिवस मोजले अन् शनिवारच्या पुरणाची डाळ आताच निवडून ठेवली. मनून लिवलं हे. शुक्रवारी नांदुऱ्याले उतरला तं घरी येऊ नोको. शेगावले एखाद्या लॉजवर पडून राय. शनिवारी ये, चुरगाळलेला सदरा घालून ये. उंबऱ्यातच पाणी माग, म्हण, आई, लय लांबचा परवास झाला. तू दूर हाय, एवढ्याच एका गोष्टीवर ती सुखानं झोपते. ते तीन घंटे कोणालेच सांगू नोको, काकाले नाही, दोस्ताले नाही. पाया पडतो दादा, कोणालेच नोको.

तुहाच,
शिवम