तुझा ओव्हन तापत नाही

प्रिय वंदना,

तू गेल्यावर तुला काही लिहावं असं कधी सुचलं नाही. आज लिहितो आहे, कारण तुझा ओव्हन तापत नाही आणि तो का तापत नाही हे घरात कोणाला सांगायची सोय नाही. घरात म्हणजे तरी कोण? मी आणि आई.

परवा तुझं वर्षश्राद्ध. तुझ्या पानात नानखटाई वाढायची, तीही तुझ्याच ओव्हनमधली, असं आईने ठरवून टाकलं आहे. "बाजारची नोको आनू. तिले आवडत नोहती." ओव्हन घरात आला तेव्हा "चूल मेली का?" म्हणून तोंड फिरवणारी बाई ती हीच. पुढे दसऱ्याला तिनेच त्याला झेंडूची माळ घातली आणि तू हसू दाबायला आत पळालीस. आठवतं?

तर मी त्याच्या मागे लागलो. लाल दिवा लागतो, पंखा फिरतो, पण आतल्या दांड्या काळ्या त्या काळ्याच. पॉइंट तपासला, तर त्याच पॉइंटवर इस्त्री झकास तापते. टायमर फिरवल्याशिवाय हा चालू होत नाही, एवढं तू ओरडून शिकवलं होतंस, तेही केलं. वरची दांडी, खालची दांडी, दोन्ही मिळून, सगळी बटणं फिरवून झाली. शेवटी मागचा पत्रा उघडला, आत पाहिलं आणि परत लावून टाकला. मला त्यातलं काय कळतं?

तू कधी जवळच येऊ दिलं नाहीस. "तुमी हात नोका लावू, बिघडवान." अगं, निदान एकदा दाखवून तरी ठेवायचं होतंस.

मग स्कूटरला बांधून भंडाऱ्याला नेला. दुरुस्तीवाल्याने उघडला आणि पहिलंच विचारलं, "भाऊ, यात पानी गेलतं का?"

मला तुझ्या तेरवीची सकाळ आठवली. सुतक फिटलं म्हणून घर धुणं चाललं होतं. गाद्या उन्हात, भांडी अंगणात. आणि आई नळाखाली तुझा ओव्हन घेऊन बसली होती. राखेने घासत होती, तांब्याने आत पाणी सोडत होती आणि रडत होती. मग तिने तो उन्हात पालथा घातला. त्या दिवशी कोणी घर पेटवलं असतं तरी मी नुसता बघत राहिलो असतो.

"दांड्या गेल्या, थर्मोस्टॅट गंजला. हे मॉडेल आता येत नाई. नवा घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला. नवा आणता येईल गं. पण तो तुझा कसा होईल? आणि आईला काय सांगू?

परत आणल्यापासून ती येता-जाता काचेवर हात ठेवते.

"तापला का रे?"

"नाई माय. होल्टेज कमी आहे."

"काहून बरं? मी त कोपऱ्याकोपऱ्यात हात घालून घासला होता. तिची वस्तू चकचकीत राहावी मनलं."

या बाईला कसं सांगायचं, तूच सांग. तुझ्यासाठी म्हणून तिने केलेलं ते शेवटचं काम. मला तर ते तोंडातून काढवत नाही.

म्हणून हायवेवरच्या बेकरीवाल्याशी बोलून आलो. पीठ आईच मळेल. ती आंघोळीला गेली की ट्रे घेऊन मी पळायचं. तिची आंघोळ, देवपूजा, तुळशीला पाणी, तोवर भट्टीत भाजून होईल. आणून तुझ्या ओव्हनमध्ये ठेवीन, लाल दिवा लावीन आणि ट्रेखाली गॅसवर तापवलेला तवा सरकवीन. तिचा हात काचेवर जाणारच. काच गरम लागली पाहिजे.

तुला मात्र फसवता येणार नाही. पान छपरावर ठेवलं की तुला कळेलच, ही नानखटाई आपल्या ओव्हनची नाही. तेव्हा रुसू नकोस, वंदना. कावळा अडवून धरू नकोस. तो शिवला नाही तर आई आपलं काय चुकलं ते शोधत बसेल, आणि शोधत शोधत त्या नळापाशी पोचेल.

तेवढं तू सांभाळ. तुझा ओव्हन मी भंगारात देणार नाही. आणि आई जेव्हा जेव्हा विचारेल, तापला का, तेव्हा मी तवा तापवीन.

तुझाच,
सुरेश