नऊ नंबरचं हृदय

६ जानेवारी
नऊ नंबरचा नमुना पुन्हा वेगळाच आला! तिसऱ्यांदा. निरोगी हृदयातल्या प्रथिनांचा नकाशा करतोय आम्ही — कुठल्या कप्प्यात कुठलं, किती. या नऊ नंबरमध्ये पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन निम्मंसुद्धा नाही. उज्वला मॅडम म्हणाल्या, हे निरोगी नव्हतंच, यादीतून काढ.

नमुन्यांना नावं नसतात. पण बर्फाची ती पेटी मीच आणली होती. नऊ म्हणजे सोमनाथ. चांदवडचा, बावीस वर्षांचा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडीवरून पडला, डोक्याला मार लागून गेला. आधी हृदय चुकलं असणार, मग तो पडला.

७ जानेवारी
कुसाबाईंचा फोन. सोमनाथची आई. दर महिन्याला याच तारखेला करतात. "ताई, चालू हाय ना?" मी हो म्हटलं.

काय करून बसले मी! त्याचं हृदय ज्याला बसवावं असा माणूस वेळेत मिळाला नाही. घरच्यांनी संशोधनालाही सही दिली होती, म्हणून ते आमच्याकडे आलं. हे सांगायला त्याच्या दहाव्याला गेले होते. बाई तीन दिवस जेवल्या नव्हत्या. तोंडातून निघून गेलं, कुणाच्या तरी छातीत चालू आहे म्हणून. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. दीड वर्ष झालं, ते माझ्या मानगुटीवरून उतरत नाही.

आज फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, हर्षाली पोलीस भरतीसाठी लय पळते, सोळा तारखेला ग्राउंड आहे. हर्षाली म्हणजे त्याची धाकटी बहीण.

८ जानेवारी
हा दोष आईबापांच्या रक्तातून येतो. पळता पळता माणूस जाऊ शकतो. मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, संस्थेच्या नीतिमत्ता समितीमार्फत रीतसर कळवू, महिनाभर लागेल. महिना! आणि मी सांगायचं तर माझं खोटंही सांगावं लागणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

९ जानेवारी
आज फ्रीजरला कान लावून उभी होते. उणे ऐंशीत काय ऐकू येणार? भीती वाटते मला माझीच.

११ जानेवारी
चांदवडला जाऊन आले. नोकरी गेली तर गेली. सगळं सांगितलं — तुकडे केले ते, नकाशा, माझं खोटं. हर्षाली बूट घालत होती. म्हणाली, "इतके दिवस आईला झुलवलं तुम्ही." बरोबरच बोलली. पण बूट काढून ठेवले. कुसाबाई आत जाऊन भांडी घासत बसल्या. घासलेलीच. निरोप द्यायला बाहेर आल्या नाहीत.

१३ जानेवारी
आई, वडील, मुलगी — तिघंही नाशिकला तपासणीला आले. रक्त दिलं. कुसाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.

१६ जानेवारी
आज ग्राउंड होतं. हर्षाली घरीच.

३ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. हर्षालीला काही नाही! माझ्यामुळे उगाच भरती बुडाली पोरीची. वडीलही ठीक. दोष कुसाबाईंत आहे.

डॉक्टरांना सोडून त्यांनी मला विचारलं, "माझ्याकडनंच गेलं का त्याला?" मी हो म्हणाले.

मग म्हणाल्या, "मला बी लिहून द्यायचंय, ताई. मेल्यावर माझं काळीज त्याच्याशेजारी ठेवा."