काय हवं, दाऊजी?

प्रिय विनोदिनीकाकू,

आज तुमच्या शर्मिष्ठाला पळवून नेलं. घाबरू नका, छेरछेरा होता. पौषातल्या या सणाला इथे दारोदार धान मागतात. बीरगावच्या बायकांनी आमची रिक्षा अडवली आणि हसत हसत तिला ओढून नेलं. "धान लाओ, दीदी ले जाओ!"

नव्या राजधानीच्या आमच्या कॉलनीत धान कुठलं? सगळे पिशवीतला तांदूळ खाणारे. धानाची कोठी फक्त दाऊजींकडे, म्हणजे कधी कुणाला न दिसणाऱ्या जुन्या मालगुजारांकडे. तिथे गेले.

"सहेली छुड़ानी है, धान देंगे?"

"हव."

"काय हवं?" म्हणत मी शाल दिली. "बस?"

"हव."

अजून हवंच! घड्याळ दिलं. शेवटी तुम्ही शर्मिष्ठासाठी पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबाही दिला.

तेवढ्यात बायकांसकट शर्मिष्ठाच नाचत आली आणि दाऊजींपुढचा ढीग बघून ओरडली, "अगं वेडे, इथे हव म्हणजे हो!"

दाऊजी पोट धरून हसले. शाल, घड्याळ परत दिलं, वर सूपभर धान. डबा मात्र मांडीवरून हलेना. शब्द जुळवत म्हणाले, "हे... हवं."

हे पत्र काही मी टाकणार नाही. लेकीला लाडू पोचले का, असं फोनवर विचारलंत, तर एवढंच म्हणेन: हव.

तुमची,
वीणा