गवती चहाचं तेल आणि दहा थेंब

बाबा, घरात कसलाही वास दरवळला की तुम्ही आधी संशयानं पाहायचात. हिवताप खात्यात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन गावोगाव फिरलेले तुम्ही, आईनं कडुनिंबाचा पाला धुमसवला की म्हणायचात, "धुरानं माणूस खोकलते, मच्छर नाही मरत." मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला शेजारच्या रांजणात अळ्या आहेत का ते पाहायला पाठवलंत. मी झाकणही न उचलता परत आले आणि नाहीत म्हणाले. तुम्ही स्वतः गेलात. आजही दिसतं, पळीभर पाणी माझ्या नाकासमोर धरलंय, त्यात अळ्या वळवळताहेत, आणि तुम्ही म्हणताय, "न पाह्यता नाही कायले म्हणतेस? यानंच उद्या कोणाचं लेकरू तापंल."

आता मी आरोग्यसेविका आहे, इटियाडोह धरणाच्या कालव्याकडच्या एका उपकेंद्रात. मागच्या वर्षी धान रोवणीच्या दिवसांत टोलीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, एका गरोदर पोरीनं बाजारातून तेलाची बाटली आणली. जडीबुटीचं तेल, रात्रभर डास फिरकणार नाही, असं वर लिहिलेलं. तिनं मच्छरदाणी घडी करून ठेवून दिली. पुढं ताप आला. बोट टोचून काचेवर रक्त मीच घेतलं. मलेरिया निघाला. पोरगी वाचली, पोटातलं गेलं. तेव्हापासून कुठल्याही बाटलीवर माझा विश्वास नाही.

म्हणून यंदा तिची सासूच जेव्हा बचत गटाच्या बायांना घेऊन आली आणि टेबलावर तेलाची शिशी ठेवली, तेव्हा मला रागच आला. बांधावर गवती चहा लावून त्यांनी भट्टीवर तेल काढलं होतं. मी म्हटलं, "तुमच्याच घरात एवढं झालं, तरी?"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "त्या बाटलीत काय होतं, कोणाले माहीत? याच्यात काय आहे ते आमाले माहीत आहे. तुमी पाहून सांगा."

नालीतल्या अळ्या दोन बरण्यांत सोडल्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत तेलाचे वीस थेंब टाकायचे ठरलं. थेंब मी टाकले. सकाळी दोन्हीकडे अळ्या जिवंत. "पाहा," मी म्हटलं. बाकीच्या बाया उठायला लागल्या. सासू हलली नाही.

"मॅडम, मी मोजून राहिली होती. दहाच पडले."

"चुकलं असेल," मी म्हटलं.

या वेळी तिनं स्वतः थेंब टाकले, मोठ्यानं मोजत. दुसऱ्या सकाळी त्या बरणीतल्या अळ्या तळाशी निपचित पडल्या होत्या. मग संध्याकाळी हाताला तेल चोळून मी तिच्या अंगणात बसले. दोनेक तास डास लांब राहिले, नंतर चावायला लागले. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तर तसंच लिहून द्या. मच्छरदाणी लावाच, अन् हे बी लावा." आता त्यांच्या प्रत्येक शिशीवर माझ्या अक्षरातली ती चिठ्ठी असते. बाया तेल विकतात आणि मच्छरदाणी लावली का, असं गिऱ्हाइकाला दरडावून विचारतात. तुम्हाला तरी पटलं असतं की नाही, कोण जाणे.

बाबा, थेंब चुकले नव्हते, मी मुद्दामच दहा टाकले होते. ते तेल खोटं ठरावं असं मला वाटत होतं. सगळीच तेलं खोटी ठरली असती, तर दोष त्या बाटलीवर राहिला असता. ताप येण्याच्या आठवडाभर आधी मी त्या पोरीला तपासायला गेले होते. बाटली खाटेजवळ होती. मी ती उघडली, थोडं तेल मनगटाला लावून पाहिलं. मच्छरदाणी कुठाय, हे विचारलं नाही. "वास छान आहे," एवढंच म्हणाले. सासूला हे अजून सांगितलेलं नाही.