फाईलमधला हिरवा गोल

मखमलाबाद, नाशिक
गुरुवार

प्रिय सृष्टी,

पोस्टाचं पाकीट पाहून दचकू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिणार होते, पण अण्णांच्या फोनची बॅटरी उतरली की ते बिनदिक्कत माझा फोन उचलतात, आणि यातलं अक्षरही त्यांच्या नजरेला पडायला नको. तुम्हा बापलेकींचं बोलणं बंद झाल्यापासून मला अशा युक्त्या सुचायला लागल्यात. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तुझा मेसेज मिळाला होता. तुझं कॉलेजचं खातं भरलंय, महिनाअखेर तू ते बंद करणार, त्यातला आपला घरचा फोल्डर दुसरीकडे हलवायचा, आणि कुठली सेवा बरी ते मी चौकशी करून ठरवायचं. हुकूम सोडून मोकळी झालीस. अगदी बापावर गेलीस बघ. मी मात्र तुझ्या शब्दाबाहेर नाही. सलिमाच्या इन्शाला तुझी मैत्रीण म्हणून हक्कानं बोलावलं, भजी खाऊ घातली, आणि माझा फोन, तिचा लॅपटॉप आणि तू ठेवून गेलेला तो टॅब एवढ्यांवर आम्ही तीन सेवा वापरून पाहिल्या. एकीकडे फाईल टाकायची आणि दुसरीकडे कधी दिसते ते बघत बसायचं.

इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी जाऊ म्हणायला लागले. थोरली म्हणजे तू वापरतेस ती. फुकटात भरपूर जागा देते, पण मेल, फोटो, फायली सगळं एकाच कणगीत ओतते, आणि कणगी भरली की कुरकुर करते. मधली कामाला हलकी. मोठ्या फाईलमध्ये एवढंसं बदललं तर तेवढंच पाठवते, त्यामुळे पॉलिहाऊसच्या मागे रेंजची एकच काडी असली तरी भागतं. जागा मात्र चमच्यानं वाढते. धाकटी भलतीच संशयी. सगळं कुलपात ठेवते, कंपनीवाल्यांनाही उघडता येत नाही म्हणे, आणि आपण पासवर्ड विसरलो तर आपल्यालाही नाही. मला ती आवडली होती. पण आपल्या घरात पासवर्ड लक्षात ठेवणारी तू एकटीच होतीस.

तू शेतीची पदवी घेतलीस म्हणून अण्णांनी गुलाबाचं पॉलिहाऊस घातलं, हे तुलाही ठाऊक आहे. हैदराबादची नोकरी धरण्याआधी तू त्यांना विचारायला हवं होतंस, आणि यापुढे मला काही सांगत जाऊ नकोस असं त्यांनी म्हणायला नको होतं. दोघंही नाकावर माशी बसू देत नाहीत आणि निरोप पोचवायचं काम माझ्याकडे. तू विचारतेस अण्णांची शुगर कशी आहे, ते विचारतात तिकडे पाऊस आहे का. मला कशी आहेस म्हणून कोणी विचारतच नाही.

तर झालं काय, धाकटीला पारखताना मी आपली तोडणीची फाईल तिच्याकडे नेली. तीच गं, कुठल्या ओळीतली फुलं कधी तोडायची ते तू जाण्याआधी मांडून ठेवलं होतंस ती. इन्शानं प्रत काढायला सांगितलं होतं. मी आपला डबा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवावा तशी फाईलच उचलून ठेवली, आणि ती सगळ्यांच्याच फोनवरून गेली. संध्याकाळी अण्णा बाजेवर बसले, फोन उघडला आणि फाईल कुठंय म्हणून घर डोक्यावर घेतलं. जेवायला बोलावलं तर उठेनात. मला नवल वाटलं, कारण त्यांना ओळ न् ओळ पाठ आहे, फाईल बघून त्यांनी कधी कात्री उचललेली नाही. तेवढ्यात इन्शाचा फोन आला. तूही तिला हैदराबादहून विचारलं होतंस, आईनं तोडणीची फाईल कुठे टाकली म्हणून.

इन्शानं येऊन ती होती तिथे परत ठेवली. अण्णांनी उघडली, पण वाचली नाही, नुसते बघत बसले. पाणी द्यायच्या निमित्तानं मी मागे जाऊन उभी राहिले. वरच्या कोपऱ्यात एक हिरवा गोल उमटला, त्यात ‘सृ’. इन्शा म्हणाली, त्या घडीला जो माणूस फाईल उघडून बसलेला असतो त्याचा तो गोल. अण्णांनी एका रिकाम्या चौकोनात उगाच एक आकडा घातला आणि पुसला. मग फोन ठेवून जेवायला आले. दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. अगं, तू नोकरी करतेस औषधांच्या कंपनीत, आमच्या गुलाबांच्या ओळींत रोज संध्याकाळी तुझं काय काम असतं? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तेही सांगून टाकते.

मधली घ्यावी असं माझं मत होत आलं होतं. तसं अण्णांना सांगितलं. त्यांनी जागा विचारली नाही, पैसे विचारले नाहीत. दोघांनी एकदम फाईल उघडली तर काय होतं, एवढंच विचारलं. इन्शानं करून दाखवलं. दोघांनी एकाच वेळी फाईलमध्ये हात घातला की मधली चक्क दोन प्रती करते, एक याची, एक त्याची. अण्णा म्हणाले, मग ती नको, आणि गाईला पेंड घालायला निघून गेले. तेव्हा थोरलीच राहू दे. इन्शा म्हणते, तुझे कॉलेजचे व्हिडिओ काढलेस तर जागाच जागा होईल. रोज उघडून गप्प बसायचा तुला कंटाळा आला असेल, तो मला कळतो. पण खातं बंद करू नकोस.

पत्र लिहायला बसले ते मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. येत्या बुधवारी अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना आधीच अंधुक दिसतं, आणि डॉक्टरांनी काही दिवस फोनकडे बघायचं नाही म्हणून बजावलंय. तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. ऑपरेशनला ते घाबरलेले नाहीत. काल मला हळूच विचारत होते, माझ्या फोनवर फाईल तू उघडून धरलीस आणि मी नुसता शेजारी बसलो, तर तिकडे माझाच गोल दिसेल ना. त्यांना वाटतं, चार दिवस त्यांचा गोल दिसला नाही तर तूही उघडायचं सोडशील. मी हो म्हटलं. उघडून धरीन मी रोज, त्याची काळजी नको. पण त्यांना तुझा गोल दिसणार नाही, सृष्टी. तू त्यांना फोन कर. बोलायला डोळे लागत नाहीत.

वाट बघणारी, तुझीच
आई