नकाशातल्या फटी

६ मार्च
आमी विचुंब्याच्या नव्या फ्लॅटात आलो! मी चंद्रावती, शाळा चौथीपर्यंत. पण नात मनस्वीनं वही दिली नि दम भरला, आजी, रोज लिही, नायतर चहातली साखर बंद. भारी शहाणी हाय. विक्रीच्या ऑफिसातली किशोरी घराचा रंगीत नकाशा घेऊन आली. त्यावर खाट, गॅस, आमची नावं, सगळं! म्हणाली, हा बघूनच गिऱ्हाईकं येतात. कागदावर हाय तसंच घर, एक रेघ इकडची तिकडं नाय. मग जाहिरातीला नकाशा हातात देऊन माझा फोटो काढला. सून माधुरी हसली, सासूबाई आता हिरोईन.

७ मार्च
नकाशा नीट बघितला. त्या किशोरीनं भिंतींच्या रेघा तीन ठिकाणी तोडून ठेवल्यात! आमच्या गावात घराची आखणी करताना चुन्याची रेघ कुठं तुटू देत नाय, तुटली तर काय पण आत शिरतं. मी मनस्वीचं पेन घेतलं नि एकेक फट बुजवली. आता कसं भरलेलं दिसतं.

९ मार्च
कपडे वाळत घालायला गेले, तर गॅलरी नाय. सपाट भिंत, रंग सुकलेला. माझा मुलगा रमेश म्हणाला, आई, आपल्याला गॅलरी होती कधी? त्यानंच नकाशावर बोट ठेवून मला समजावलं, फट म्हणजे दार, हितं फट कुठं हाय?
मी पहिली बुजवली ती तीच.

१० मार्च
स्वयंपाकघर गेलं. माधुरी म्हणाली, आपण तर पहिल्यापासून डबाच आणतो. मला रडू यायला पाहिजे होतं. नाय आलं. खोडरबर घासलं, पेनाची रेघ जात नाय. आता राहिली तिसरी, मनस्वीच्या खोलीची. तिला सांगितलं, माझ्याजवळच बस. पण ऐकते कुठं—

११ मार्च, सकाळ
मनस्वी दप्तर आणायला तिच्या खोलीत गेली. मी चष्मा घ्यायला वळले. भिंत.
रमेशनं विचारलं, कोण मनस्वी? चेष्टा नव्हती. दोघं टीव्ही बघतायत.
आतून टकटक येते. मी ऐकते. काय वाटत नाय—

दुपार
कात्री घेतली. रेघ कापली की फट होईल.
टकटक थांबली.
कात्री रेघेवर ठेवली हाय. पण ही रेघ कापायची होती कुणासाठी, ते